पावलं मोजा, घड्याळ बघा: सह्याद्रीत अंतराचा अंदाज बांधायला शिकताना

ट्रेकला नव्याने जाणाऱ्या माणसाची सगळी भिस्त फोनवर असते. फोन चालतो तोवर ठीकच. पण भर पावसात ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, रेंज शोधून शोधून बॅटरी दुपारीच मान टाकते, आणि आपण ज्याचा ‘ट्रॅक’ उतरवून घेतलेला असतो तो पठ्ठ्या स्वतःच दोनदा वाट चुकून परत फिरलेला असतो. त्याची चुकलेली वाटही मग आपण इमानेइतबारे चालतो.

होकायंत्र दिशा दाखवतं, पण किती चाललो ते सांगत नाही. ‘ओढा ओलांडल्यावर अर्ध्या किलोमीटरवर डावीकडे फाटा’ हे वाक्य कितीही नीट पाठ केलं, तरी तो अर्धा किलोमीटर आला कधी आणि गेला कधी हे कळलं नाही तर त्याचा काही उपयोग नाही. सह्याद्रीत वाट चुकलेली मंडळी बहुतेक वेळा दिशेला चुकत नाहीत, अंतराला चुकतात. फाटा मागे टाकून पुढे जातात, किंवा फाटा यायच्या आधीच एखाद्या ढोरवाटेला लागतात.

पावलं मोजून अंतर काढायची ही विद्या काही नवी नाही. रोमन लोकांचा मैल म्हणजे हजार जोडपावलं. आपल्याकडे नैनसिंग रावत १८६५-६६ मध्ये ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यासाठी नेपाळमार्गे ल्हासापर्यंत पावलं मोजत गेले. हातात जपमाळ, पण तिच्यात १०८ ऐवजी १०० मणी. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, नोंदी प्रार्थनाचक्रात लपवायच्या. आपल्याला तिबेट मोजायचा नाहीये. पठारावरची सहाशे मीटर वाट धुक्यात नेमकी चालता आली तरी पुष्कळ झालं.

सोबत काय हवं

– काट्याचं किंवा साधं डिजिटल मनगटी घड्याळ. वेळ बघायला फोन खिशातून काढावा लागत असेल तर दोन-चार वेळांनंतर तुम्ही तो काढणं सोडून देता.
– होकायंत्र. तळाची पट्टी पारदर्शक असलेलं घ्या, नकाशावर ठेवायला बरं पडतं.
– नकाशाची छापील प्रत, प्लॅस्टिकच्या पिशवीत. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की १:५०,००० मापाचे नकाशे पीडीएफमध्ये मिळतात. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर माप बदलतं आणि पुढचा सगळा हिशोब कोसळतो.
– हातभर सुतळी किंवा बुटाची जुनी नाडी, आणि १३-१४ घट्ट बसणारे मणी.
– छोटी वही आणि पेन्सिल. पेन पावसात लिहीत नाही.
– फोन, पॉवर बँक, शिट्टी, टॉर्च हे आहेच. फोन विमान मोडवर ठेवा. बहुतेक फोनांचं जीपीएस त्यातही चालतं आणि बॅटरी कितीतरी जास्त टिकते.

## १. आपलं शंभर मीटरचं माप काढा

डावा पाय टेकला की एक. उजवा मोजायचा नाही. म्हणजे दोन पावलं मिळून एक आकडा, यालाच पुढे जोडपाऊल म्हणतो. प्रत्येक पाऊल मोजायला गेलात तर आकडे लांबलचक होतात आणि तोंडातल्या तोंडात ‘एकशे सत्तेचाळीस’ म्हणेपर्यंत पुढची दोन पावलं पडून गेलेली असतात.

आता नेमके शंभर मीटर शोधा. शाळा-कॉलेजच्या मैदानावर शर्यतीसाठी आखलेली लेन असेल तर उत्तम. नसेल तर गावाबाहेरचा सरळ रस्ता बघा. किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये दर २०० मीटरला छोटे दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ लिहिलेलं असतं. एका छोट्या दगडापासून पुढच्यापर्यंत चाला आणि येईल त्याचं निम्मं करा. दगड गाडीच्या धक्क्याने सरकलेले किंवा रस्ता रुंद करताना उपटलेले असतात, म्हणून दोन-तीन वेगळ्या टप्प्यांवर पडताळा घ्या.

चालताना मुद्दाम लांब टांगा टाकू नका. आपलं माप काढायला निघालेला माणूस कवायतीला निघाल्यासारखा चालतो, मग डोंगरात तो आकडा जुळत नाही. ट्रेकचेच बूट घाला, पाठीवर भरलेली सॅक घ्या आणि पाच-दहा मिनिटं चालून झाल्यावर मोजायला सुरुवात करा. चार वेळा मोजा, सरासरी काढा. मध्यम उंचीच्या बहुतेकांचा आकडा ६० ते ७० च्या मध्ये येतो. माझा डांबरी रस्त्यावर ६४ आहे. मित्राचा आकडा उसना घेऊ नका, तुमच्यापेक्षा तो चार इंच उंच असला तर किलोमीटरमागे पन्नास-साठ मीटरचा फरक सहज पडतो.

## २. चढाचं, उताराचं आणि गवताचं माप वेगळं

खरी मेख इथे आहे. मैदानावरचा ६४ घेऊन डोंगरात गेलात तर पहिल्याच चढाला गणित फसतं, कारण चढावर पाऊल आखूड पडतं. माझा कच्च्या पायवाटेवरचा आकडा ६८, दम लागेल अशा चढावर ८५ च्या पुढे आणि कातळातल्या पायऱ्यांवर काही धरबंदच नाही.

नकाशावरचं अंतर आडवं मोजलेलं असतं, आपण चालतो ते तिरपं. त्यामुळे चढावर अंतर खूप वाढत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात २० अंशांच्या खड्या चढावरही नकाशातले १०० मीटर जमिनीवर साधारण १०६ होतात. ३० अंशांवर, म्हणजे जिथे हात टेकावेसे वाटतात तिथे, ११५. तेव्हा तिरपेपणा हा किरकोळ भाग, आखूड पडणारं पाऊल हा मोठा.

चढाचं माप काढायला नेहमीची एखादी टेकडी किंवा किल्ला पकडा. पुण्याकडच्यांना आतकरवाडीतून सिंहगड सोयीचा. घरी बसून उपग्रहाच्या नकाशावर वाटेतल्या दोन ठळक जागा निवडा, मधलं अंतर तिथल्या मोजपट्टीने वाटेच्या वळणांसकट मोजा आणि दुसऱ्या दिवशी त्या दोन जागांमध्ये जोडपावलं मोजा. असं मोजलं की तिरपेपणाही आपोआप आकड्यात येतो, तुम्हाला वेगळा हिशोब करावा लागत नाही. तीच वाट उतरतानाही मोजा. हलक्या उतारावर पाऊल थोडं लांबतं, पण मुरमाच्या घसाऱ्यावर आपण बगळ्यासारखे एकेक पाय जपून टाकतो आणि आकडा चढाच्याही वर जातो.

वहीच्या पहिल्या पानावर चार आकडे लिहून ठेवा: सपाट मळलेली वाट, चढ, उतार, आणि कमरेएवढं गवत किंवा कारवीतून काढलेली वाट. रात्रीचा ट्रेक असेल तर प्रत्येक आकड्यात दहा टक्के वाढवा. टॉर्चच्या उजेडात सगळ्यांचीच पावलं आखडतात.

हातातल्या फिटनेस पट्ट्यावर दिसणारे किलोमीटर यासाठी वापरू नका. जीपीएस नसलेला पट्टा पावलं मोजतो आणि एका ठरावीक पावलाच्या लांबीने गुणतो. चढावर तो तुम्हाला बसल्याजागी किलोमीटर बहाल करतो. जीपीएसवाल्याचंही अरुंद घळीत आणि कड्याखाली काही खरं नसतं, तिथे रेषा इकडेतिकडे उड्या मारते आणि त्या उड्याही अंतरात धरल्या जातात.

## ३. मोजणी हरवू नये म्हणून

शंभर मीटर मोजणं सोपं आहे. कठीण आहे ते ‘हे पाचवं शतक की सहावं?’ हे लक्षात ठेवणं.

सगळ्यात स्वस्त उपाय बोटांची पेरं. अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, म्हणजे बारा. आजी जपाचा हिशोब ठेवायची तसाच अंगठा पेरावर ठेवायचा आणि दर शंभर मीटरला एक पेर पुढे सरकवायचा. दहा पेरं झाली की एक किलोमीटर. अडचण एवढीच की कातळावर हात लागला किंवा कुणी पाण्याची बाटली मागितली की अंगठा सुटतो.

म्हणून दोरी बरी. नाडीच्या मध्ये गाठ मारा, खाली नऊ मणी, वर चार. दर शंभर मीटरला खालचा एक मणी ओढायचा. नऊ ओढून झाल्यावर दहाव्या शंभराला वरचा एक ओढायचा आणि खालचे सगळे परत जागेवर. वरचा एक मणी म्हणजे एक किलोमीटर. मणी आपोआप घसरत नाही इतका घट्ट हवा, नाहीतर झाडाझुडपांतून जाताना दोरीच किलोमीटर चालते. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला ती बांधून टाका.

यातलं काहीच नसेल तर डाव्या खिशात दहा खडे भरून निघायचं आणि एकेक उजव्या खिशात टाकायचा.

मोजणाऱ्याशी गप्पा मारायच्या नाहीत हा नियम ग्रुपमध्ये आधीच सांगा. मोजायला दोघं असावेत, आणि दोघांनी एकमेकांना आकडा फक्त थांब्यावर सांगावा. चालता चालता ‘तुझे किती झाले?’ विचारलं की दोघांचेही जातात. मधे पडलेलं झाड वळसा घालून जावं लागलं, फोटोसाठी बाजूला गेलात, तर ती पावलं धरायची नाहीत. वाट सोडताना आकडा मोठ्याने म्हणा आणि वाटेवर परत आल्यावर तिथूनच पुढे सुरू करा.

## ४. घरीच नकाशावर टप्पे पाडा

हे काम आदल्या रात्री, चहा घेत, निवांत करायचं. डोंगरात वाऱ्यात फडफडणाऱ्या कागदावर ते होत नाही.

१:५०,००० च्या नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे ५०० मीटर, २ सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. वळणावळणाच्या वाटेवर ओला दोरा ठेवत जा, मग तो सरळ करून पट्टीवर मोजा. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा, दर २० मीटरला एक असते आणि दर शंभर मीटरची रेषा जाड असते. त्यामुळे चढ काढायला सगळ्या रेषा मोजायची गरज नाही, जाड रेषा मोजल्या की शंभराच्या पटीत उत्तर मिळतं.

चढ काढताना शेवटच्या उंचीतून सुरुवातीची उंची वजा करून मोकळं व्हायचं नाही. तोरणा आणि राजगड यांच्या उंचीत फारसा फरक नाही, म्हणून त्या दोन किल्ल्यांमधली वाट सपाट ठरते का? बुधला माचीवरून उतरायचं, धारेवरचे चढउतार करत भुतोंड्याकडे जाणारा रस्ता ओलांडायचा आणि पुन्हा संजीवनी माचीच्या आळू दरवाजाला भिडायचं, हे दिवसभराचं काम आहे. वाटेत जेवढ्या वेळा चढाल तेवढ्या सगळ्यांची बेरीज करायची.

आता वाटेचे टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्याच्या टोकाला अशी खूण हवी जी डोळे झाकूनही चुकणार नाही: ओढा, खिंड, पाण्याचं टाकं, वाडीतलं पहिलं घर, सोंडेचा माथा. मोठं झाड, गवताळ टप्पा, ‘इथे वाट जरा वळते’ या खुणा नव्हेत. टप्पा अर्ध्या ते एक किलोमीटरचा बरा. वहीत प्रत्येक टप्प्यासाठी एक ओळ: दिशा, अंतर, चढ, अंदाजे जोडपावलं, अंदाजे मिनिटं, आणि शेवटी काय लागेल.

नकाशाबद्दल दोन सूचना. वाटेची बारीक नागमोड या मापात दिसत नाही, ती सरळ रेष होऊन बसते. म्हणून घाटवाटेच्या अंतरात मी पाचवा हिस्सा वाढवूनच धरतो. दुसरं म्हणजे, नकाशा छापल्यानंतर धरणं झालीत, पवनचक्क्यांचे रस्ते झालेत, वाड्या उठून खाली आल्यात. डोंगराचा आकार मात्र बदलत नाही, भरवसा समोच्च रेषांवर ठेवा.

## ५. वेळेचा हिशोब

पावलं दिवसभर मोजायची नसतात. मळलेल्या वाटेवर घड्याळ पुरतं, पावलं राखून ठेवायची ती धुकं, अंधार, पठार आणि फाटे असलेल्या टप्प्यांसाठी. सात-आठ तास मोजत बसलात तर डोंगर बघायचा राहूनच जाईल.

घड्याळासाठी एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. आपल्या मापात दर ५ किलोमीटरला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. म्हणजे १०० मीटर चढाला दहा मिनिटं, तोंडपाठ करायला सोपं.

सिंहगडावर लावून बघा. आतकरवाडीतून वाट साधारण २.७ किलोमीटर, चढ ६०० मीटरच्या आसपास. अंतराची ३२ मिनिटं, चढाचा एक तास, एकूण दीड तास. पहिल्यांदा जाणारा थोडं थांबत बसत जवळपास तेवढाच वेळ घेतो. दर रविवारी जाणारे काका-काकू तासाच्या आत वर जाऊन पिठलं-भाकरी मागवून बसलेले असतात, त्यांच्याशी बरोबरी नको.

उतारासाठी एक दुरुस्ती सांगतात: हलका उतार असेल तर दर ३०० मीटरला दहा मिनिटं कमी, तीव्र उतार असेल तर दहा मिनिटं जास्त. सह्याद्रीत पहिली सवलत मी घेत नाही. दिवाळीनंतर गवत वाळलं आणि मुरूम सुटला की उतरायला चढण्याइतकाच वेळ धरावा.

नाइस्मिथने थांबे धरलेले नाहीत, ऊन धरलेलं नाही आणि ग्रुप तर मुळीच धरलेला नाही. वेळ ग्रुपमधल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याचा धरायचा. एखादा कातळटप्पा एकेकाने चढायचा असेल आणि माणशी तीन मिनिटं लागत असतील, तर वीस जणांच्या ग्रुपचा एक तास तिथेच जातो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांखाली शनिवार-रविवारी लागणारी रांग तर कुठल्याच सूत्रात बसत नाही. लोणावळ्याकडून राजमाची हे अंतर १५ किलोमीटरच्या घरात, मोठा चढ नाही. सूत्र म्हणतं तीन तास आणि थोडं वर. माणसं चार ते पाच तास घेतात, पावसाळ्यात ओढ्यांवर खोळंबली तर आणखी. म्हणून पहिले काही ट्रेक सूत्राच्या दीडपट वेळ धरा, आणि आपला गुणक वहीतल्या नोंदींवरून हळूहळू पक्का करा.

लहान टप्प्यांसाठी हे चार आकडे होकायंत्राच्या मागे चिकटवून ठेवा. १०० मीटरला लागणारा वेळ:

– ताशी ५ किमी: १ मिनिट १२ सेकंद
– ताशी ४ किमी: दीड मिनिट
– ताशी ३ किमी: २ मिनिटं
– ताशी २ किमी: ३ मिनिटं

भरलेली सॅक घेऊन पायवाटेने जाणारा ग्रुप ताशी ३ ते ४ मध्ये असतो. ताशी ५ ने चालतोय असं वाटतं ते पहिली पंधरा मिनिटं.

## ६. प्रत्यक्ष वाटेवर

समजा पठारावर आहात, जुलै महिना, ढग खाली उतरलेत आणि पुढचा माणूस दिसेनासा होतोय. वहीतली ओळ म्हणते: ओढ्यापासून ईशान्येला ६०० मीटर, चढ नाही, शेवटी खिंड.

ओढ्यात थांबा. मणी शून्यावर आणा, घड्याळात वेळ बघून वहीत लिहा. होकायंत्रावर ईशान्य धरा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे परदेशी पुस्तकांतली बेरीज-वजाबाकी आपल्याला लागत नाही. फक्त होकायंत्र फोन, काठी आणि रेलिंगपासून लांब धरा.

आकडा ६५ धरला तर ६०० मीटरला ३९० जोडपावलं. ताशी ४ ने नऊ मिनिटं. आता तुमच्याकडे दोन स्वतंत्र साक्षीदार आहेत. सहा मणी ओढून झाले आणि नऊ-दहा मिनिटंही झाली, तर खिंड जवळपास आहे. सहा मणी झाले पण घड्याळ पंधरा मिनिटं म्हणतंय, तर एक तर मधे रेंगाळलात किंवा मणी ओढायला विसरलात. दोघांचं जुळत नसेल तेव्हा पुढचं पाऊल टाकायच्या आधी का जुळत नाही ते शोधा.

चांगला मोजणाराही सपाटीवर पाच टक्के आणि झाडोऱ्यात दहा टक्के चुकतो. किलोमीटरला ५० ते १०० मीटर. हे वाईट नाही, पण ते साठत जातं. म्हणून प्रत्येक पक्क्या खुणेवर मोजणी पुन्हा शून्यापासून. मागची चूक तिथे मिटते.

वाटेत गाववाले भेटले की जरूर विचारा, पण अंतर विचारू नका.

“मामा, किल्ला किती लांब?”
“हे काय, इथंच. अर्ध्या तासात पोचाल.”

मामा खोटं बोलत नाहीत. त्यांच्या डोक्यावर लाकडाची मोळी असूनही त्यांना अर्धा तासच लागतो. त्याऐवजी विचारा: मधे ओढे किती लागतात? खिंडीतून उजवीकडे जायचं की डावीकडे? शहरातल्या पोरांना किती वेळ लागतो? शेवटच्या प्रश्नाला हसत हसत अगदी अचूक उत्तर मिळतं.

## ७. अंतर भरलं, खूण नाही

परदेशी पुस्तकं सांगतात, लक्ष्याच्या पलीकडे एखादी आडवी खूण निवडा, नदी किंवा रस्ता, म्हणजे चुकून पुढे गेलात तरी ती तुम्हाला अडवेल. सह्याद्रीच्या पश्चिम बाजूला तुम्हाला अडवणारी आडवी खूण म्हणजे कडा. कोकणकड्यासारख्या ठिकाणी धुक्यात जमीन दोन पावलांवर संपते आणि तोवर गवत तसंच हिरवं दिसत असतं. पश्चिमेला कडा असेल तर ठरलेल्या अंतराच्या शंभर मीटर अलीकडेच थांबायचं, ग्रुप गोळा करायचा, आणि पुढचा भाग अगदी सावकाश, एकामागे एक. धुकं दाट असेल तर पुढे जायचंच नाही, कड्यावरून तसाही पांढरा पडदाच दिसणार असतो.

बाकी ठिकाणी नियम सोपा: ठरलेल्या आकड्याच्या वर पाचवा हिस्सा चालून झाला तरी खूण नाही, की थांबा. वरच्या उदाहरणात साधारण ४७० जोडपावलं आणि ११ मिनिटं. ‘अजून थोडं पुढे बघू’ हे वाक्य तिथे चालणार नाही.

एक जण जागेवर उभा राहतो, तो आता तुमची खूण. दुसरा होकायंत्र धरून एका बाजूला ५० मीटर जातो, आवाजाच्या टप्प्यात राहून, पावलं मोजत, आणि तेवढीच मोजत परत येतो. मग दुसऱ्या बाजूला. खिंड सापडली नाही तर उलट्या दिशेने, मोजत, शेवटच्या पक्क्या खुणेपर्यंत मागे. आपल्याकडे आकडा असल्यामुळे मागे जाणंही अंदाजपंचे होत नाही, ओढा किती पावलांवर आहे हे माहीत असतं.

या वेळी डोक्यात हमखास येणारी कल्पना: ओढ्याच्या पात्रातून खाली उतरत राहू, कुठे ना कुठे गाव लागेलच. सह्याद्रीत हे करू नका. इथले ओढे पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतात आणि मधेच तीस-चाळीस फुटांचा कोरडा धबधबा येतो. एकदा उडी मारून एक टप्पा उतरलात की वर चढता येत नाही आणि पुढचा टप्पा उतरता येत नाही. खरंच अडकलात तर उघड्या, उंच जागी थांबा, रेंज मिळते का बघून ११२ ला फोन करा आणि शेवटच्या पक्क्या खुणेपासून किती मीटर, कुठल्या दिशेला गेलात ते सांगा. ‘किल्ल्याच्या मागच्या जंगलात आहोत’ यापेक्षा ‘टाक्यापासून दक्षिणेला सातशे मीटर’ यावर शोधणारी माणसं लवकर पोचतात.

## ८. परत फिरायची वेळ आधी ठरवा

डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि झाडीतल्या वाटेवर अर्धा तास आधीच अंधारतं. उतरायला तीन तास लागणार असतील तर साडेपाचमधून तीन वजा, वर एक तास हाताशी. दीड वाजता जिथे असाल तिथून मागे वळायचं. बालेकिल्ला समोर दिसत असला तरी. ही वेळ वहीत लिहा आणि बसमध्येच सगळ्यांना सांगा, कारण दीड वाजता वर उभं राहून तुम्ही ती सांगितलीत तर वाद होतो. सकाळपासून सगळ्यांना माहीत असेल तर कुरकुर होते, पण पाय वळतात.

सकाळच्या पहिल्या दोन टप्प्यांनाच दिवसाचा अंदाज येतो. वहीत ४० मिनिटं लिहिलेल्या टप्प्याला ६० लागली, पुढच्या ३० च्या टप्प्याला ४५, म्हणजे आज ग्रुप दीडपट वेळ घेतोय. उरलेल्या सगळ्या ओळींना दीडने गुणा आणि दीड वाजता कुठे असाल ते तिथेच काढा. उत्तर पटलं नाही तर जवळचा किल्ला, छोटा फेरा, जे शक्य असेल ते दहा वाजताच ठरवा.

घरी आल्यावर झोपायच्या आधी वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे खरा आकडा लिहा: किती जोडपावलं पडली, किती मिनिटं लागली, वाट कशी होती, पाऊस होता का, बरोबर कोण होतं. पुढच्या वेळी आदल्या रात्री नकाशा पसरून बसाल तेव्हा कारवीतल्या चढासाठी ८५ धरायचे की ९५, हे या ओळींवरूनच ठरवायचं आहे.